बसून पगार खाणारे फायरमन? कमाल आहे!

परवा रात्री फोंड्याहून काकांचा फोन. "अरे, आम्ही आळशी होतो म्हणे!" भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कामगार नेते जॉर्ज फर्नांडिसांवरचा मेसेज टाकला होता. काका कोळशाच्या रेल्वे इंजिनवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते, 1974 च्या रेल्वे संपातही होते.

मेसेजचं सार असं: जॉर्ज गोव्याचे सुपुत्र, स्वतः रेल्वेत मोटरमन. बसून पगार खाणाऱ्यांना बोनस मिळावा म्हणून त्यांनी देश ठप्प केला आणि पुढे प्रायश्चित्त म्हणून एकट्याने कोकण रेल्वे बांधली.

गोव्याचे? जन्म मंगळूरचा, 3 जून 1930. आडनाव फर्नांडिस म्हणजे माणूस मडगावचाच, असं थोडंच असतं! मोटरमन तर कधीच नव्हते. पाद्री व्हायला बेंगळुरूला गेले, ते सोडून मुंबईत आले आणि गोदी, हॉटेल, टॅक्सी कामगारांत वाढले. रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष झाले ते 1973 मध्ये.

आता ते "बसून". इंजिन घाट चढत असताना फावडं खाली ठेवायला मिळायचं नाही, काकांच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग अजून आहेत. त्यांचं सोडा, सरकारचंच ऐका. ऑगस्ट 1973 मध्ये लोको, म्हणजे इंजिनवरच्या, कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रांनी त्यांची ड्युटी दहा तासांवर आणायचं मान्य केलं. म्हणजे त्याआधी ती किती लांबत असेल? दहा तास मिळणार हाच जिथे विजय, तिथे 1974 मध्ये आठ तास मागणारा आळशी कसा? मागण्यांत बोनस होता, नाही कोण म्हणतो? पण सार्वजनिक उद्योगांइतका पगार आणि हंगामी मजुरांना कायम करणं हेही होतं. ते मेसेजमधून बरोबर गळलं.

देश ठप्प करणारे जॉर्ज तर 2 मे रोजीच तुरुंगात गेले होते. संप सुरू झाला 8 मे रोजी. हजारोंना अटक झाली, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं.

संप फसला, हे मात्र कबूल करायलाच हवं. 27 मे रोजी तो बिनशर्त मागे घेतला. काढून टाकलेल्यांना परत घेतलं ते 1977 नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. बोनस आला 1979 मध्ये.

कोकण रेल्वेचं अर्धं खरं. जॉर्ज रेल्वेमंत्री असताना, जुलै 1990 मध्ये, महामंडळ स्थापन झालं. पण अर्थमंत्री दंडवते होते, बांधकाम ई. श्रीधरन यांच्याकडे होतं आणि भांडवलात गोव्यासकट चार राज्यांचा वाटा होता. पेडण्याच्या बोगद्यात चिखल ढासळत राहिला, पूर्ण मार्ग 1998 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये जॉर्ज संरक्षणमंत्री झाले. आणि प्रायश्चित्त कशाचं, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

काकांना टाइप करता येत नाही, म्हणून हे मी लिहिलं. ग्रुपवर टाकू का विचारलं, तर म्हणाले, नको, प्रिंट काढून आण. एकादशीला भजन आहे, तिथे सगळ्यांसमोर वाचणार आहेत.