जास्तीचे पैसे खात्यात आले की कळत कसं नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नव्हती, म्हणून आता वेगळं लिहूनच टाकते, कारण तुमच्यासारखं वाटणारे अजून बरेच असणार, ते फक्त लिहीत नाहीत. (काका म्हणतेय कारण जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून रिटायर झालोय असं तुम्हीच लिहिलंय, आणि 'बाळ' म्हणून सुरुवात केलीत, मग कसलं सर नि कसलं काय.)

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी इंग्लंडमधल्या टॅक्स क्रेडिटच्या जुन्या बाकीबद्दल लिहिलं होतं. कमी पगाराच्या नोकऱ्या करून मुलं वाढवणाऱ्या घरांना सरकारने टॅक्स क्रेडिट नावाची मदत दिली, मग ती 'जास्त दिली गेली' म्हणून परत मागितली, आणि ते वसुलीच्या पत्राचं ब्राऊन पाकीट दारात पडलं की लोकांची झोप कशी उडते, असा विषय होता. त्यावर काकांचं म्हणणं असं: एक, जास्तीचे पैसे आले तर कळतंच, कळलं नाही हा बहाणा आहे. दोन, सरकारी पैसा परत मागितला तर मुकाट द्यावा, त्यात काळजी कसली. तीन, व्हिसावर गेलेली आपली मुलं तिकडे टॅक्स भरतात आणि एका पैची मदत घेत नाहीत, मग घेणाऱ्यांची कीव तुला का येते.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त वेळ घालवणार आहे, सगळी गोम तिथे आहे. काका, तुम्ही असं धरून चाललायत की कुणीतरी चुकून शंभराच्या जागी हजार टाकले आणि घेणाऱ्याने गपचूप ठेवून घेतले. तसं नव्हतं हो. एप्रिल २००३ मध्ये गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट अशा दोन योजना सुरू झाल्या. त्याआधी १९९९ पासून वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट होतं, त्यात एकदा रक्कम ठरली की मधे पगार वाढो की घटो, सहा महिने ती हलायची नाही. नव्या पद्धतीत मात्र रक्कम ठरायची मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर, पैसे मिळायचे या वर्षी आणि खरा हिशोब व्हायचा वर्ष संपल्यावर, जेव्हा रिन्युअलचा फॉर्म भरून पाठवायचा, त्याची शेवटची तारीख ३१ जुलै. म्हणजे आधी अंदाजाने द्या, मग बघू. आपल्याकडे रीडिंग न घेताच सरासरी वीजबिल येत राहतं आणि मग एकदम 'फरक' म्हणून दणका बसतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे दणका पोरांच्या खर्चाच्या पैशाला.

आता तुम्ही हिशोबातले माणूस आहात तर हिशोबच करू. समजा नवरा वेअरहाऊसमध्ये, बायको शाळेत डिनर लेडी (पोरांना दुपारचं जेवण वाढणारी), दोन मुलं. नवऱ्याला त्या वर्षी नाइट शिफ्ट आणि ओव्हरटाइम मिळाला आणि घरातलं उत्पन्न ५,००० पौंडांनी वाढलं. २०१६ नंतरच्या नियमाप्रमाणे त्यातले पहिले २,५०० पौंड माफ, म्हणजे धरायचेच नाहीत, आणि उरलेल्या २,५०० वर ४१ टक्क्यांनी कपात. झाले १,०२५ पौंड जास्तीचे. हे पैसे एकदम आले का? नाही, वर्षभर दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी नेहमीचीच रक्कम येत होती, एका पैनेही वाढली नव्हती. ती घरभाड्यात गेली, दुधात गेली, मुलाच्या शाळेच्या बुटांत गेली. जास्त आलेले पैसे दिसणार कुठून, ती रक्कम 'जास्त' ठरली वर्ष संपल्यावर!

आणि यातली खरी मेख पुढेच आहे, कुणी सांगितल्याशिवाय मीही ती खरी मानली नसती. उत्पन्न वाढलं हे वर्षाच्या मधेच कळवायची कायद्याने सक्ती नव्हती. कळवलंत तर बरं, पुढे बाकी कमी होईल, एवढंच. जोडीदार वेगळा झाला, पाळणाघराचा खर्च कमी झाला, कामाचे तास ठरावीक मर्यादेच्या खाली आले, मूल शिक्षण सोडून बाहेर पडलं, असल्या गोष्टी मुदतीत कळवाव्या लागायच्या आणि नाही कळवल्या तर दंडही होता. पण पगारवाढ तुम्ही सरळ रिन्युअलच्या वेळी सांगितलीत तरी नियमात बसत होतं. म्हणजे माणूस शंभर टक्के नियमाने वागला, एक अक्षर लपवलं नाही, तरी कर्जदार झाला. याला बहाणा कसं म्हणणार?

पहिल्याच वर्षी, २००३-०४ मध्ये, जवळजवळ १९ लाख कुटुंबांना मिळून सुमारे २ अब्ज पौंड जास्त गेले होते. साधारण दर तिघांतलं एक घर. आता १९ लाख घरं एकाच वर्षी एकच बहाणा करतायत असं तर नसेल ना? जून २००५ मध्ये तिथल्या संसदेच्या लोकपाल ॲन अब्राहम यांनी यावर अख्खा रिपोर्ट काढला. मग सरकारने काय केलं, तर ती २,५०० ची माफी २००६ पासून एकदम २५,००० वर नेली, म्हणजे पगारवाढीमुळे निघणारी बाकी बहुतेकांची मिटली. पुढे पैसे वाचवायचे म्हणून २०११ ला १०,०००, २०१३ ला ५,००० आणि २०१६ ला परत २,५००. लोकांचा प्रामाणिकपणा या वर्षांत वरखाली झाला नाही, झाला तो हा आकडा, आणि आकडा खाली आला की कर्जदार वाढणार हे करणाऱ्यांना माहीत होतं.

दुसरा मुद्दा, मुकाट द्यावं. काका, आता राग मानू नका पण तुम्ही लेखा विभागातले, 'अतिप्रदान' (चुकून जास्त दिला गेलेला पगार) हा शब्द तुम्हाला मी काय सांगणार. रिटायरमेंट जवळ आली की सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं आणि पंधरा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती असा शेरा घेऊन परत येतं, आणि मग उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुली. त्या शिपायाने किंवा क्लार्कने स्वतःची वेतननिश्चिती स्वतः केलेली असते का? ऑफिसने केलेली असते. मुकाट द्यावं असं तेव्हा तुमच्याकडचे लोक म्हणाले का? कोर्टात गेले ना. आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या केसमध्ये सांगितलं की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ दिलं गेलेलं असेल तर, अशी वसुली करता येणार नाही. तो पैसाही करदात्यांचाच होता की. चूक कुणाची, किती जुनी, आणि घेणाऱ्याची परत देण्याची ऐपत काय, हे विचारणं म्हणजे पैसे बुडवणं नाही एवढंच मला म्हणायचंय.

उलट ब्रिटनमध्ये आता गाडी दुसऱ्या दिशेला गेलीय. टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ ला कायमचं बंद झालं, लोक युनिव्हर्सल क्रेडिट या नव्या, अनेक मदती एकत्र केलेल्या योजनेवर गेले, आणि जुनी बाकी एचएमआरसी म्हणजे कर खात्याकडून उचलून डीडब्ल्यूपी या भत्ते नि पेन्शन बघणाऱ्या खात्याकडे गेली. २०१२ च्या कायद्याने युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये असं ठरवून टाकलंय की जास्त गेलेले पैसे सरकारच्या चुकीने गेले असले तरी वसूल करता येतात, सोडायचे की नाही ही खात्याची मर्जी. म्हणजे तुमचं 'मुकाट द्यावं' तिथे छापील स्वरूपात आहे.

आणि काळजी कसली म्हणालात, तर ऐका. टॅक्स क्रेडिट चालू असताना बाकी त्याच मदतीतून कापायचे, ज्यांना पूर्ण मदत मिळायची त्यांची १० टक्के, बाकीच्या बहुतेकांची २५ टक्के, आणि नंतर उत्पन्न २०,००० च्या वर असलेल्यांची ५० टक्के सुद्धा. पुढच्या महिन्यात हातात किती येणार हेच माहीत नाही. नवराबायको वेगळे झाले तर बाकी दोघांच्या डोक्यावर, जरी सगळे फॉर्म एकानेच भरले असले तरी. कसलीच सरकारी मदत चालू नसेल तर डीडब्ल्यूपी सरळ मालकाला कळवून पगारातून कापू शकते, त्याला कोर्टाची ऑर्डरही लागत नाही. आता सुपरमार्केटमध्ये काम करणाऱ्या बाईच्या मॅनेजरला हे पत्र गेलं की तिला काय वाटत असेल! तिथल्या आपल्या बायका पैशापेक्षा या गोष्टीला जास्त घाबरतात, आणि घाबरून एक तर पाकीट फोडतच नाहीत नाहीतर न विचारता उधार घेऊन सगळं भरून टाकतात. दोन्हीत नुकसान त्यांचंच. युनिव्हर्सल क्रेडिटमधून होणाऱ्या एकूण कपातीची मर्यादा एप्रिल २०२५ अखेर मूळ भत्त्याच्या २५ वरून १५ टक्क्यांवर आणली, तेवढा दिलासा.

हॉलंडमध्ये तर याच्या पुढची पायरी झाली. नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणारी मदत, त्यात एखादी सही राहिली किंवा थोडी रक्कम भरायची राहिली तर अख्ख्या वर्षाचे पैसे परत मागायचे, शिवाय संशय कुणावर घ्यायचा ते ठरवताना दुसरं नागरिकत्व बघितलं जात होतं. हजारो घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये यावरून तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सरकारने अशा घरांना ३०,००० युरो भरपाई जाहीर केली. तिकडेही सुरुवातीला सगळे हेच म्हणत होते, की घेतलेत ना, मग द्या परत.

तिसरं, व्हिसावरची मुलं. हे तुमचं बरोबर आहे, वर्क व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' अशी अट असते, त्यांना टॅक्स क्रेडिट नव्हतं, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) नाही, आणि टॅक्स मात्र पूर्ण. मलाही ते खटकतं. पण म्हणून मिळणाऱ्यांवर राग काढायचा हे कुठलं लॉजिक? आणि गंमत अशी की हीच मुलं तिथे पर्मनंट झाली (कायम राहायची परवानगी मिळाली) की याच चक्रात येतात. आयटीतल्या किती जणांनी बाळ झाल्यावर चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरला, मग पगार ५०,००० च्या वर गेला आणि मागच्या काही वर्षांचं बिल एकदम दारात आलं. घरातल्या एकाचा पगार मर्यादेच्या वर गेला की हा भत्ता परत द्यायचा, असा नियम २०१३ पासून आहे, मर्यादा आधी ५०,००० होती, २०२४ ला ६०,००० केली. त्यात अजून मजा म्हणजे दोघांचा पगार प्रत्येकी ५९,००० असेल तर काहीच द्यावं लागत नाही, आणि एकट्याचा ६१,००० असेल नि बायको घरी असेल तर द्यावं लागतं. त्या मुलांना मी अजून कुणी फुकटे म्हणताना ऐकलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, "मग काय पैसे बुडवायचे?" नाही हो. खरंच बाकी असेल तर हप्ते पाडून द्यायची, ऐपत नसेल तर घरखर्चाचा कागद पुढे ठेवून हप्ता कमी करून मागायचा, मिळतो. पण आधी कुठल्या वर्षाची बाकी आणि कशी काढली याचा लेखी हिशोब मागायचा. त्यात दोन रस्ते वेगळे आहेत आणि लोक तिथेच गोंधळतात: रक्कमच चुकलीय असं वाटत असेल तर निर्णयाचा फेरविचार, त्याला मुदत साधारण महिन्याची, आणि रक्कम बरोबर आहे पण चूक त्यांची होती असं असेल तर वसुलीवर हरकत, टॅक्स क्रेडिटसाठी टीसी ८४६ हा फॉर्म होता आणि मुदत तीन महिने. त्यांच्याच नियमात होतं की तुम्ही बदल कळवला आणि त्यांनी ३० दिवसांत नोंदवला नाही तर त्यापुढचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. म्हणून फोन केल्याची तारीख, वेळ, कोण बोललं, सगळं वहीत लिहून ठेवलेलं असेल तर सोनं. नसेल तर त्या फोनचं रेकॉर्डिंग मागता येतं, ते मागा. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये हे फुकट बघून देतात, वकील लागत नाही.

बाकी ज्यांना अशी पत्रं आलीयत त्यांनी खाली जरूर लिहा, पण प्लीज नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पत्राचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका, मागच्या लेखाखाली एका ताईंनी टाकला होता तो मी उडवलाय.