भाड्याचा ओएलटी आणि ‘20 किलोमीटर’: खुलासा

ओएलटी म्हणजे फायबरवरून घरोघरी इंटरनेट पाठवणारं केबलवाल्याकडचं मुख्य यंत्र. ‘ओएलटी भाड्याने घ्या, एका पोर्टवर 20 किलोमीटरपर्यंत 64 घरं जोडा’ असा मेसेज केज, परळी, औसा भागातल्या केबलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही आकडे एकत्र जमत नाहीत, हे हप्ता बांधून घेण्याआधी कळायला हवं.

जीपॉन म्हणजे एका फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट द्यायची पद्धत. तिच्या बी प्लस मॉड्यूलला, म्हणजे ओएलटीच्या पोर्टमधून प्रकाश पाठवणाऱ्या भागाला, एकूण 28 डीबी (डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं माप) घट सोसते. 64 चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश 64 घरांत वाटणारा भाग, एकटाच सुमारे 20.5 खातो. 20 किलोमीटर फायबर, किलोमीटरला 0.35 धरून, आणखी 7. झाले 27.5. जोड आणि कनेक्टर अजून मोजलेच नाहीत! मग शेवटच्या घरात ओएनटीचा (घरातल्या फायबर मोडेमचा) लाल दिवा लुकलुकत राहतो आणि ग्राहक तुमच्या दारात. 32 चा स्प्लिटर लावा. 17 च्या आसपास घट, फायबरचे 7 धरूनही हाताशी 4 उरतात. तरी प्रत्येक घरी पॉवर मीटर (पोचलेला प्रकाश मोजायचं यंत्र) लावून बघा, उणे 25 डीबीएमच्या खाली गेलं तर जोड पुन्हा करा. निळं कनेक्टर हिरव्यात बसतं, पण घट वाढते, ते टाळा.

भाडेकरारात एसएफपी (पोर्टमध्ये बसणारी मॉड्यूल) धरलेत का आणि वीज पडून जळालेल्या ओएलटीच्या कार्डाचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. आपल्याकडे वळवाच्या पावसात हाच प्रश्न आधी येतो.