'मेन इन टाइट्स' त्या मालिकेतून निघाला नाही

अमेरिकी विनोदी दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा मतितार्थ असा: ब्रुक्सने १९७५ साली रॉबिन हूडच्या इतिहासाची टिंगल करणारी 'व्हेन थिंग्ज वेअर रॉटन' ही मालिका लिहिली, ती इतकी टुकार होती की एबीसी वाहिनीने चार आठवड्यांत मध्येच गुंडाळली, मग अठरा वर्षांनी त्याने तोच माल धुऊन-पुसून 'रॉबिन हूड: मेन इन टाइट्स' या नावाने थिएटरात आणला. यात मालिकेचं नाव आणि साल बरोबर आहे. बाकीचं एकेक पाहू.

'चार आठवड्यांत मध्येच गुंडाळली.' पहिला भाग १० सप्टेंबर १९७५ला, बुधवारी रात्री ८ वाजता लागला. एकूण भाग झाले १३, आणि मालिका डिसेंबरपर्यंत चालली. या १३ला अर्थ आहे. त्या काळी अमेरिकी वाहिन्या नव्या मालिकेचे साधारण १३ भाग आधी मागवत आणि प्रेक्षकांचे आकडे बघून पुढच्या नऊ-दहा भागांचं ठरवत. म्हणजे 'रॉटन'ची पहिली ऑर्डर पुरी झाली, दुसरी आली नाही. मध्येच गुंडाळणं कसं असतं ते बघायचं तर त्याच एबीसीवरची १९८२ची 'पोलीस स्क्वॉड!' बघा. सहा भाग तयार, चार दाखवून मालिका बंद, उरलेले दोन उन्हाळ्यात कसेबसे उरकले. ही मालिका लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

'टुकार होती म्हणून पडली.' टुकार की झकास, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या मते काही भाग फक्कड आहेत आणि काही रेंगाळतात. पण पडण्याचं कारण सांगायचं तर आधी वेळापत्रक उघडावं लागतं. बुधवारी ८ वाजता एनबीसीवर 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' आणि सीबीएसवर 'टोनी ऑर्लँडो अँड डॉन' असायचं. दोन्ही कार्यक्रम आदल्या हंगामापासून त्या वेळेला जम बसवून होते. त्यातच १९७५च्या हंगामापासून संध्याकाळचा पहिला तास सहकुटुंब बघण्याजोगा ठेवायचा, असा 'फॅमिली व्ह्यूइंग अवर'चा दंडक आला. दीड वर्षापूर्वी 'ब्लेझिंग सॅडल्स' या काउबॉयपटांच्या विडंबनात मोकाट सुटलेला ब्रुक्स त्या तासात मावणं कठीणच. एबीसीवर लगेच पुढे, साडेआठला, 'दॅट्स माय मामा' लागायची. तीही त्याच डिसेंबरात संपली. १४ जानेवारी १९७६ला ८ची जागा 'द बायॉनिक वुमन'ला मिळाली आणि ती धो-धो चालली.

दुसरी अडचण विडंबनाच्या पोटातलीच आहे. 'ब्लेझिंग सॅडल्स' दीड तासाचा सिनेमा. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वजा केल्या तर भागाला सुमारे २५ मिनिटं उरतात. तेरा भागांचे सव्वापाच तासांहून जास्त. म्हणजे तीन सिनेमांपेक्षा जास्त वेळ एकाच जंगलातले, एकाच शेरीफचे विनोद पुरवायचे. कौटुंबिक मालिकेत नवरा-बायकोचं भांडण दर आठवड्याला नवं काढता येतं, कारण तिथे विनोद माणसांवर असतो. विडंबनात तो साच्यावर असतो, आणि साचा एकदा मोडला की पुढच्या बुधवारी मोडायला शिल्लक काय? शिवाय ते स्टुडिओत तीन भिंती उभारून, प्रेक्षक बसवून उरकता येत नाही. साहसपटाची नक्कल करायची तर पडद्यावर साहसपटच दिसला पाहिजे, म्हणून घोडे, तलवारी, किल्ला आणि फिल्मवरचं चित्रीकरण हे सगळं आलं.

'ब्रुक्सने लिहिली.' मालिकेची कल्पना रचणारे म्हणून नावं तीन आहेत: ब्रुक्स, जॉन बोनी आणि नॉर्मन स्टाइल्स. स्टाइल्स म्हणजे पुढे मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमाचा मुख्य लेखक झालेला गृहस्थ. मालिकेची कल्पना रचणारे वेगळे आणि दर आठवड्याची संहिता लिहिणारे वेगळे, हा अमेरिकी टीव्हीचा रिवाजच आहे. १९६५च्या 'गेट स्मार्ट' या हेरपटांची खिल्ली उडवणाऱ्या मालिकेबद्दलही लोक 'ब्रुक्सची' म्हणतात आणि ती त्याच्यासोबत रचणाऱ्या बक हेन्रीला विसरतात. तिथलीच दोन माणसं इथे आली आहेत. 'गेट स्मार्ट'मधला हायमी यंत्रमानव, डिक गॉटिए, इथे रॉबिन झाला आणि तिथला सिगफ्रीड, बर्नी कोपेल, इथे अ‍ॅलन-अ-डेल.

'इतिहासाची टिंगल.' सगळ्यात मोठी चूक इथे आहे. टिंगल करायला इतिहास हातात तर हवा! १३७७च्या सुमाराच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात एक आळशी पाद्री म्हणतो की मला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. उल्लेख माणसाचा नाही, गाण्यांचा आहे. १५००च्या आसपास छापलेल्या 'गेस्ट' या रॉबिनवरच्या लांबलचक पोवाड्यात रॉबिन सरदार नाही, साधा योमन आहे, म्हणजे शेतकऱ्यापेक्षा थोडा वरचा. तो बराच वेळ असतो यॉर्कशरच्या बार्न्सडेलमध्ये, आणि राजाचं नाव रिचर्ड नसून एडवर्ड. लिटल जॉन आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ तिथे आहेत. मेड मॅरियन नाही. फ्रायर टकही नाही.

मग ही मंडळी आली कुठून? मॅरियन आणि टक आले मे महिन्याच्या जत्रांतल्या सोंगांमधून. 'रॉबिन आणि मॅरियन' ही जोडी मुळात तेराव्या शतकातल्या फ्रेंच गोपगीतांतली, तिचा या दरोडेखोराशी काही संबंध नव्हता. टक हे नाव तर १४१७ साली ससेक्समधल्या एका खऱ्याखुऱ्या फरारी धर्मगुरूने घेतलेलं आढळतं. राजा रिचर्ड आणि जॉन यांच्या काळात रॉबिनला बसवलं १५२१मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश विद्वानाने. त्याला हंटिंग्टनचा अर्ल केलं १५९८च्या सुमारास अँथनी मंडेच्या नाटकांनी. अ‍ॅलन-अ-डेल सतराव्या शतकातल्या पोवाड्यांतून शिरला. मूळचे सॅक्सन विरुद्ध जेते नॉर्मन हे भांडण १८१९च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीने जोडलं. आपल्याकडच्या बातम्यांत एखाद्या गुंडाला 'गरिबांचा रॉबिनहूड' म्हणतात तेव्हा जो डोळ्यांसमोर येतो, तो या सगळ्या थरांचा मिळून झालेला.

मालिकेतले लोक मोजा: रॉबिन, मॅरियन, टक, अ‍ॅलन-अ-डेल, लिटल जॉन, शेरीफ, प्रिन्स जॉन. ही यादी मध्ययुगाची नाही, हॉलिवूडची आहे. विडंबन आहे १९३८च्या एरल फ्लिनच्या सिनेमाचं आणि १९५५ ते १९५९ या काळात १४३ भाग चाललेल्या रिचर्ड ग्रीनच्या ब्रिटिश मालिकेचं, जी अमेरिकेत सीबीएसवर दिसायची. रिचर्ड दिमित्रीचा डबल रोल बघा. एक जुळा रॉबिनच्या टोळीत, दुसरा शेरीफच्या पदरी. ही थट्टा साहसपटातल्या योगायोगांची आहे, बाराव्या शतकाची नव्हे.

'तोच माल सिनेमात.' 'मेन इन टाइट्स' आला जुलै १९९३मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी केविन कॉस्टनरचा 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज' हा साहसपट येऊन गेला होता, आणि दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की आणखी पुरावा लागत नाही. दोन्हींची सुरुवात जेरुसलेमच्या तुरुंगातून सुटकेने होते. तिथे सोबतीला अझीम, इथे अचू. तिथे आंधळा सेवक डंकन, इथे आंधळा ब्लिंकिन. तिथे शेरीफची चेटकीण मॉर्टियाना, इथे लॅट्रिन. तिथे शेवटी शॉन कॉनरी रिचर्ड होऊन अवतरतो, इथे पॅट्रिक स्टुअर्ट. आणि आपण इंग्रजी उच्चारात बोलू शकतो, असं केरी एल्विसचा रॉबिन ऐकवतो तेव्हा बाण अमेरिकी उच्चारात बोललेल्या कॉस्टनरला लागतो हे उघड आहे. यातलं १९७५मध्ये काहीच असणं शक्य नव्हतं. कथाही ब्रुक्सची नाही, ती जे. डेव्हिड शापिरो आणि इव्हान चँडलर यांची, ब्रुक्स पटकथेत सामील झाला.

पडलेल्या मालिकेतून सिनेमा निघण्याची गोष्ट खरी आहे, पण ती 'पोलीस स्क्वॉड!'ची. १९८८च्या 'द नेकेड गन'मध्ये तेच कर्ते, तोच लेस्ली नील्सन, तोच फ्रँक ड्रेबिन, आणि उपशीर्षकात मालिकेचं नावसुद्धा. बहुधा हीच कुंडली कुणीतरी रॉबिन हूडच्या नावाने मांडली असावी.

सामाईक काही नाहीच, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. मालिकेच्या नावात 'रॉटन', सिनेमातल्या शेरीफच्या गावाचं नाव 'रॉटिंगहॅम'. जुना शब्द ब्रुक्सच्या तोंडात राहिलेला दिसतो. आणि डिक व्हॅन पॅटन दोन्हीकडे आहे. १९७५मध्ये तो साधा फ्रायर टक होता, १९९३मध्ये मठाधिपती. अठरा वर्षांत बढती मिळाली, इतकंच.