तो 'फायनल फँटसी ६४' वाला डेमो निन्टेंडो ६४ चा नव्हताच

'फायनल फँटसी' या जपानी कंपनी स्क्वेअरच्या गेम मालिकेची ती जुनी क्लिप परत फिरायला लागलीये. टेरा, लॉक आणि शॅडो ही पात्रं थ्रीडीमध्ये गोलेम नावाच्या एका राक्षसाशी भिडलीत आणि खाली लिहिलंय, "निन्टेंडो ६४ वर चालणारा, कधीच रिलीज न झालेला डेमो, सोनीने पैसे चारले म्हणून स्क्वेअरने दाबला, यातूनच सातवा भाग बनला". यात खरं एवढंच की तो रिलीज झाला नाही.

आधी मशीन बघा. निन्टेंडो ६४ म्हणजे घरी टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल. हा डेमो ऑगस्ट १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत दाखवला गेला आणि तो चालत होता सिलिकॉन ग्राफिक्सच्या ऑनिक्सवर, म्हणजे स्टुडिओ आणि लॅबवाले घेतात तसल्या महागड्या वर्कस्टेशनवर. खेळायचा तोही माउसने, स्क्रीनवर आकृती काढली की हल्ला. निन्टेंडो ६४ लोकांना खेळायला मिळाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, जपानच्या शोशिनकाई शोमध्ये. घोळ झाला कारण निन्टेंडो ६४ ची ग्राफिक्स चिपपण सिलिकॉन ग्राफिक्सचीच, १९९३ पासून दोघांची भागीदारी होती, मग तेव्हाच्या मासिकांनी फोटो छापताना बिनधास्त पुढे '६४' चिकटवलं आणि ते आजतागायत निघालं नाही.

"थोडं ऑप्टिमाइझ केलं असतं तर चाललं असतं" हे तर प्रत्येक कमेंटमध्ये. अहो, निन्टेंडो ६४ मध्ये एका वेळी टेक्श्चर, म्हणजे थ्रीडी आकारांवर चिकटवायची चित्रं, ठेवायची जागा होती ४ केबी. एमबी नाही, केबी! १६ बिट रंगात ६४ बाय ३२ पिक्सेलचा एक तुकडा टाकला की संपली जागा, मग मोठं टेक्श्चर हवं असेल तर तुकडे करत बसा नाहीतर छोटंच ताणून लावा, म्हणून तर त्या कन्सोलच्या कितीतरी गेम्समध्ये भिंती आणि गवत साबण लावल्यासारखं पुसट दिसतं. वर रॅम सगळी मिळून ४ एमबी, चित्र, आवाज, गेम सगळं त्यातच. ऑनिक्सवरचा तो डेमो जसाच्या तसा यात बसवणं शक्यच नव्हतं.

आता पैशाचं. सोनीने सातवा भाग अमेरिकेत पब्लिश केला, जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला, मान्य. पण स्क्वेअर निन्टेंडो सोडून सोनीच्या प्लेस्टेशनकडे गेली त्याचं मोठं कारण सीडी. जानेवारी १९९७ ला जपानात गेम आला तो ३ सीडींवर, एकेक सीडी साधारण ६५० एमबीची, व्हिडिओच व्हिडिओ. इकडे निन्टेंडो ६४ चे गेम यायचे कार्ट्रिजवर, म्हणजे आत चिप असलेल्या डबीवर; सुपर मारिओ ६४ चं कार्ट्रिज होतं ८ एमबीचं, आणि पुढे काही वर्षांनी सगळ्यात मोठं आलं तेही ६४ एमबीचं. ६४डीडी या कन्सोलला जोडायच्या डिस्क ड्राइव्हची डिस्कपण तेवढीच, आणि ती जपानात यायला डिसेंबर १९९९ उजाडला. कुठून बसवणार होते?

'यातूनच सातवा भाग बनला' हेही ओढूनताणून आहे. पात्रं सहाव्या भागाची आहेत, थ्रीडीत हात बसावा म्हणून केलेला प्रयोग होता तो.

उद्या कुठल्या जुन्या हार्ड डिस्कवर फाइल सापडलीच तर ती आयरिक्सवाल्या (सिलिकॉन ग्राफिक्सची ऑपरेटिंग सिस्टम) मशीनवर चालवावी लागेल. तोवर कोणी 'ओरिजिनल कार्ट्रिजचा रॉम' (कार्ट्रिजमधल्या गेमची फाइल) म्हणून पैसे मागितले तर त्याला एवढंच विचारा, भाऊ, यात माउस कुठे लावायचा?