सिलिंडरची ‘एक्सपायरी’ : एका फॉरवर्डचा समाचार

‘गॅस सिलिंडरलाही एक्सपायरी असते! कड्याखालच्या पट्टीवरचा नंबर बघा, तारीख उलटली असेल तर तुमच्या घरात जिवंत बॉम्ब आहे. शेगडीची आग नळीतून सिलिंडरमध्ये शिरली की क्षणात स्फोट. वास आला तर आधी पंखा लावा. दहा ग्रुपवर पाठवा.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि पाठवणारी मंडळी बहुतेक आपलीच, काळजीपोटी पाठवणारी.

आधी नंबर. पट्टीवर ‘बी २७’ असेल तर अर्थ एप्रिल ते जून २०२७. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. ही तारीख पुढच्या चाचणीची आहे, सिलिंडर फुटण्याची नव्हे. नवा सिलिंडर १० वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासतात. पास झाला की नवी तारीख टाकून परत वापरात येतो. तारीख उलटलेला दारात आला तर घेऊ नका, बदलून मागा. विषय संपला.

मुदत बघायचीच असेल तर नळीची बघा. नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, पण ओट्यामागे ती कुणाला दिसत नाही. जिथे वळते तिथे बोट फिरवा. भेग किंवा उंदराच्या दातांची खूण लागली तर आजच बदला. गळतीची शंका आली तर सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे सांगतील. काडी ओढून बघणारे महाभाग अजूनही आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

आग नळीतून आत शिरते, हे तर साफ खोटं. सिलिंडरच्या आत हवा नसते, नुसता गॅस असतो. हवेशिवाय तो जळणार कसा? नळीच्या तोंडाशी भडका उडाला आणि हात सुरक्षित पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा, ज्वाला विझते. सिलिंडर फुटतो तो भोवतालच्या आगीने बाहेरून तापला तर. म्हणून पडदे, सरपण, छप्पर पेटलं असेल तर रेग्युलेटरच्या नादी लागू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

पंख्याचा सल्ला सगळ्यात घातक. बटण दाबताना ठिणगी पडते आणि तेवढी पुरते. चालू असलेला दिवाही बंद करू नका. बटण ते बटणच. चूल आणि देवापुढची समई मात्र लगेच विझवा. फ्रिज आपला आपण सुरू-बंद होतो, त्यामुळे मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथून वीज तोडा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं सताड उघडी हवीत. रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपी बसवा. हो, तीच दोऱ्याला लटकणारी, जी पोरं खेळायला नेतात. मग अंगणात जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

आणि बाहेर पडायचं कसं, यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही. गावाकडच्या कितीतरी घरांत मागच्या दाराला सोयाबीनची पोती टेकवलेली असतात, खिडक्यांना पक्के गज असतात आणि रात्री पुढच्या दाराला आतून कुलूप. स्वयंपाकघर पुढच्या दाराकडे असेल तर आतल्या खोलीत झोपलेली आजी निघणार कुठून? पोती हलवा, एका खिडकीला आतून उघडणारी जाळी करून घ्या, आणि कुलपाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगा, अंधारात आजीच्याही हाताला लागेल अशी.