टाचेच्या ऑपरेशनचा तो मेसेज मीच टाकला होता, जरा वाचा

परवा मी ग्रुपवर टाकलं होतं की टाचेचं हाड मोडलं तर आता दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, टाके नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माणूस चालतो. ते चुकीचं आहे, न तपासता पुढे ढकललं, सॉरी.

आमचे दाजी शिडीवरून पडले तेव्हा त्यांचं हेच ऑपरेशन झालं, मी सोबत होतो. दुर्बीण वगैरे काही नव्हती. घोट्याच्या खाली बाहेरच्या बाजूला छोटा काप घेतात, किंवा नुसत्या भोकातून स्क्रू घालतात आणि सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रेवर बघून तुकडे जुळवतात. टाके असतातच, फक्त कमी. खरा फायदा जखमेचा, कारण तिथली कातडी पातळ, जुन्या एल आकाराच्या मोठ्या कापात ती काळी पडायची, पिकायची, शुगरवाले आणि सिगरेटवाले तर जास्तच अडकायचे.

पण काप लहान म्हणून हाड काही लवकर जुळत नाही हो! पाय टेकवायचा नाही ते साधारण ६ ते १२ आठवडे, दाजींनी १० काढले, चिडचिड करत.

आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. ब्रिटनमध्ये १५१ पेशंटवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले यांच्यात विशेष फरक दिसला नाही, अर्थात तिथे मोठ्या कापाची पद्धत होती. सीटी स्कॅन बघून डॉक्टरच ठरवतील, पण लवकर दाखवा, छोट्या कापाचं ऑपरेशन पहिल्या दोनेक आठवड्यांतच सोपं जातं.

जुना मेसेज कोणी पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा.