पँडोराला ‘उघडू नकोस’ असं कोणी म्हटलंच नव्हतं

मुलांच्या पुस्तकांत पँडोरा भेटते ती अशी: देवांनी एका सुंदर बाईला बंद पेटी दिली, उघडू नकोस म्हणून बजावलं, तिला राहवलं नाही आणि जगभर रोगराई नि दुःख पसरलं. तात्पर्य, नसत्या चौकशा करू नयेत. विशेषतः बायकांनी.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली हेसिअड या ग्रीक कवीमुळे, साधारण ख्रिस्तपूर्व 700 च्या सुमाराची. त्याच्या काव्यात बंदीही नाही आणि कुतूहलही नाही. पेटीसुद्धा नाही, धान्य-तेल साठवायचा मोठा मातीचा रांजण आहे. तो घरात आला कुठून, हेही कवी सांगत नाही. बाई झाकण काढते, आतली सगळी दुःखं बाहेर पडतात, फक्त आशा आत राहते. रोग माणसांकडे गुपचूप येतात, कारण देवांचा राजा झ्यूस याने त्यांची वाचाच काढून घेतलीय. (हा तपशील मला सगळ्यात भयानक वाटतो.)

मूळ भांडण झ्यूस आणि माणसांचा कैवारी प्रॉमिथियस यांचं. बैलाच्या वाटणीत प्रॉमिथियसने हाडं चरबीखाली झाकून झ्यूसच्या गळ्यात मारली आणि चांगलं मांस माणसांसाठी राखलं. झ्यूसने चिडून माणसांची आग काढून घेतली, तर याने ती पोकळ दांड्यात लपवून परत आणली. मग सूड म्हणून मातीची बाई घडवली गेली, तीच पँडोरा. अथीना देवीने तिला नटवलं, हर्मिस देवाने तिच्यात लबाडी घातली. म्हणजे स्वभावसुद्धा तिचा स्वतःचा नाही! झ्यूसकडून काही घेऊ नकोस असं प्रॉमिथियसने भावाला, एपिमिथियसला, बजावलं होतं. त्याने तरीही तिला घरात घेतलं. बजावूनही न ऐकणारा या कथेत तो एकटाच, पण नाव मात्र तिचं झालं.

आता हेसिअडच्या घरात डोकावू. हेलिकॉन डोंगराजवळचं आस्क्रा हे त्याचं गाव. तो स्वतःच त्याला हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जाचक आणि कधीच धड नसलेलं म्हणतो. बाप गरिबीला कंटाळून समुद्र ओलांडून इथे आलेला. बापामागे जमिनीची वाटणी झाली आणि भाऊ पर्सीसने लाचखाऊ न्यायाधीशांना खूश करून जास्तीचा वाटा लाटला. सरळसरळ भाऊबंदकी! हे काव्य त्या भावालाच उद्देशून आहे. त्याला तो सांगतो, देवांनी माणसाची उपजीविका लपवून ठेवलीय, नाहीतर एक दिवस राबून वर्षभर बसून खाता आलं असतं. का लपवली? याचं उत्तर म्हणून पँडोरा येते.

माझा राग इथे आहे. या माणसाला आपल्या हलाखीचं कारण नावानिशी माहीत आहे. भाऊ आणि ते लाचखाऊ. त्यांना तो फैलावरही घेतो. पण जगाच्या दुःखाचा हिशेब मांडायची वेळ आली की बोट एका बाईकडे. दुसऱ्या काव्यात तर तो बायकांना पोळ्यातल्या आयतोबा नरमाश्या म्हणतो. आणि शेतकऱ्याला सल्ला काय? आधी घर कर, बाई आण, नांगराचा बैल आण. बाईसुद्धा लग्नाची नको, विकत घेतलेली, बैलांमागे चालणारी. आयतोबा नक्की कोण?

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात योद्धा अकिलिस शोकात बुडालेल्या ट्रॉयच्या राजाला, प्रायमला, सांगतो, झ्यूसच्या दाराशी भांडी आहेत, दुःखाची आणि सुखाची, त्यातून तो माणसांना वाटत असतो. तिथे कोणाची बायको लागत नाही.

रांजणात आशा का उरली, यावर अभ्यासक अजून भांडतात. दुःखांच्या रांजणात ती काय करत होती? ती आत राहिली म्हणजे माणसाला मिळाली की मिळालीच नाही? हेसिअड एवढंच म्हणतो की झ्यूसच्या इच्छेने ती काठाखाली अडकली.

बऱ्याच शतकांनंतर बाब्रिअस या बोधकथाकाराने हीच गोष्ट उलटी सांगितली. त्याच्या रांजणात सगळ्या चांगल्या गोष्टी असतात. न राहवून झाकण काढतो तो माणूस, पँडोराचं नावही नाही. चांगलं ते सगळं देवांकडे उडून जातं, आशा तेवढी मागे राहते. ही आवृत्ती मुलांच्या एकाही पुस्तकात मला दिसलेली नाही.